अट क्रमांक चार

आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या दाराला दोन कुलपं आहेत. एक सोसायटीचं आणि एक अध्यक्षांचं. एका कुलपानं ज्यांचं समाधान होत नाही अशा माणसांचा मला पहिल्यापासून राग येतो, आणि पिंपळे सौदागरला राहायला आल्यापासून तो दर वर्षी थोडा वाढतच गेलाय. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. वर एक जिना चढला की गच्ची. पण त्या एका जिन्यासाठी अर्ज करायचा आणि अर्जात कारण लिहायचं. मी कारण लिहिलं, आकाश बघणे. त्यावर लाल पेनानं शेरा आला, "खिडकीतून बघावे."

माझी खिडकी समोरच्या बावीस मजली टॉवरकडे उघडते. तिच्यातून मला लोकांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात.

घरात मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, असे दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. अण्णा विसाव्या वर्षी साताऱ्याकडच्या गावातून पिंपरीला आले आणि एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून लागले ते रिटायर होईपर्यंत तिथंच. मी चाकणला क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि मापात नसतील त्यांना लाल टॅग लावायचा, हे माझं काम. लाल टॅग लागला की तो तुकडा तर अडतोच, शिवाय ज्यानं तो बनवला त्या माणसाकडे सगळी लाइन वळून बघते. नोकरीला लागले तेव्हा अण्णांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. टॅग चुकीचा लावलास असं कळलं तर टेबलावर बसून फोन करायचा नाही. त्या मशीनपाशी जायचं आणि त्या माणसासमोर, त्याच्या शिफ्टमध्ये, स्वतःच्या हातानं काढायचा. वीस वर्षं मी हे पाळलं. माझ्या हाताखालच्या पोरींनाही पाळायला लावलं, आणि एकीनं टाळाटाळ केली तेव्हा तिला सगळ्यांसमोर झापलंही.

तर दुर्बीण. दुर्बिणीपेक्षा तिच्या खालचा स्टँड जास्त महत्त्वाचा असतो, हे कुणाला सांगून पटत नाही. त्याला माउंट म्हणतात. माझा माउंट कॉम्प्युटरवाला आहे, वाकडच्या एका आयटीवाल्याकडून जुना घेतलेला. त्यानं तो हौसेनं आणला आणि दोनदा वापरून माळ्यावर टाकला. त्यात दोन मोटरी आहेत आणि हातात धरायचा एक कीपॅड. त्याला तारीख, वेळ आणि ठिकाण सांगायचं, एखाद-दोन ओळखीच्या ताऱ्यांवर जुळवून द्यायचं, की मग तुम्ही नाव निवडाल तिकडे दुर्बीण आपोआप वळते. आणि नुसती वळत नाही, पृथ्वी फिरते त्या वेगानं हळूहळू सरकत तो तारा नजरेसमोर धरून ठेवते. फक्त त्याला चारी बाजूंनी मोकळं आकाश लागतं, आणि ते दोन कुलपांच्या पलीकडे होतं.

वर्षभर मी कमिटीशी भांडले. त्यांचं म्हणणं एकच. ही बाई दुर्बीण लावून लोकांच्या घरात डोकावणार. हे मला तोंडावर कुणी म्हणालं नाही, लिफ्टमध्ये म्हणाले. अध्यक्ष मूळचे इथलेच. सोसायटी उभी आहे त्या जागी त्यांच्या चुलत्यांचं ज्वारीचं शेत होतं. माणूस गोड बोलतो आणि काही देत नाही. दर मीटिंगला मी उठले की ते हात जोडायचे आणि म्हणायचे, "आमाला काय अडचण न्हाई ताई, पन लोकं इचारत्यात." कोण लोकं, ते कधी सांगायचे नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी मी सगळ्या सभासदांना गच्चीवर दुर्बीण दाखवायची. नीट चाललं, लोकांची खात्री पटली, तर गच्चीची किल्ली कायमची मला. नाही चाललं तर हा विषय परत काढायचा नाही. तयारीसाठी त्याआधीचा गुरुवार दिला, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते आणि मी घरी असते.

गुरुवारी अण्णा माझ्याबरोबर वर आले. मी तिपाईच्या पायांसाठी फरशीवर तीन खुणा केल्या, स्पिरिट लेव्हल ठेवून पाय खालीवर केले, अक्ष उत्तरेकडे लावला, तारीख-वेळ टाकली. दुर्बीण सांगितलेल्या ताऱ्याकडे गेली. पण दिशा उलटवली की मोटर आधी नुसतीच घरघरायची आणि मग तारा एकदम उडी मारून सरकायचा. आत एक लांब स्क्रू असतो, त्याला वर्म म्हणतात, आणि त्याच्या आट्यांत एक दातेरी चाक अडकलेलं असतं. त्या दोघांत जास्त फट राहिली की असं होतं. टूलरूमच्या भाषेत प्ले. अण्णा डोळे मिटून, कान पुढं करून ऐकत होते.

"एवढा प्ले? आमच्या टूलरूममधनं असला तुकडा भायेर गेला नसता."

मी म्हटलं, असू दे. या यंत्राला थोडी फट लागते, अजिबात ठेवली नाही तर गार हवेत मोटर अडकते. त्यांना ते पटलं नसावं, कारण खाली येईपर्यंत ते बोटानं हवेत स्क्रू फिरवत होते. मी जिन्यातच त्यांना सांगितलं की शनिवारपर्यंत याला कुणीही हात लावायचा नाही.

शनिवारी माझी पहिली शिफ्ट होती. साडेतीनला सुटले आणि मोशीच्या पुढं कंपनीची बस जी अडकली ती अडकलीच. पुढं कुठंतरी कंटेनर आडवा झाला होता. दीड तास मी खिडकीतून एकाच पंक्चरच्या दुकानाकडे बघत बसले. घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. दार उघडलं तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर काळ्या ग्रीसचे बोळे, स्क्रू फिरवायच्या एलन की ओळीनं लावलेल्या, आणि पतंगाच्या कागदाच्या दोन-तीन पट्ट्या. माउंट बंद करून खुर्चीत ठेवला होता.

"थोडा प्ले होता, काढला," अण्णा म्हणाले. चेहरा असा, की मी आत्ता शाबासकी देणार.

बोलायला वेळ नव्हता आणि तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं याची मलाच भीती वाटली. वर्षभराचं भांडण, एक संध्याकाळ, आणि या माणसानं सांगूनसवरून नेमकं तेच करून ठेवलं होतं. शेजारच्यांना हाताशी घेऊन सगळं वर चढवलं.

गच्चीवर चाळीसेक माणसं. बायकांनी सतरंज्या आणल्या होत्या, कुणीतरी भेळ केली होती. पूर्वेला जवळजवळ पूर्ण चंद्र, पश्चिमेला टॉवरच्या डाव्या अंगाला गुरू ठळक चमकत होता. मी भराभर पाय खुणांवर ठेवले, लेव्हल बघितली, तारीख-वेळ टाकली. पहिला तारा निवडला रोहिणी. रोहिणी तेव्हा जवळजवळ डोक्यावर होती. मी बटण दाबलं.

दुर्बीण वळली. वर जायच्या ऐवजी ती गरकन पश्चिमेकडे गेली, खाली झुकली आणि समोरच्या टॉवरच्या वरच्या मजल्यांवर नेम धरून थांबली. तिथं एका खिडकीत दिवा होता आणि एक माणूस बनियनवर फोनवर बोलत होता.

मी परत मुळापासून दाबलं. परत तिथंच. माणूस अजून बोलत होता.

अध्यक्ष भेळेची डिश घेऊन शेजारी आले. त्यांनी दुर्बिणीच्या रेषेत बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, ही तर समोरच्यांच्या बेडरूमकडं बघाय लागली."

सगळे हसले. मागं बसलेल्यांना काय झालं ते सांगण्यात आलं आणि तेही हसले. मला दिसत होतं ते एवढंच, की वर्म आवळून बसवलाय, मोटरला तो ओढवत नाही, तिनं टप्पे गाळलेत, आणि म्हणून यंत्राला आपण कुठं आहोत हेच कळत नाहीये. अण्णा पुढं आले आणि म्हणाले, जरा थांब, मला बघू दे. त्यांनी माउंटवर हात ठेवला.

मी तो हात उचलून बाजूला केला. आणि म्हणाले, "सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून? तुम्हीच बिघडवलंय हे. रिटायर झालात ना, मग घरी बसा. प्रत्येक ठिकाणी फिटरगिरी कशाला?"

हे मी हळू बोलले नाही. पाण्याच्या टाकीमागं खेळणारी मुलंसुद्धा थांबली. अण्णांनी हात शर्टाला पुसला, त्याला ग्रीस नसताना, आणि ते जिन्याकडे गेले. त्यांच्यासाठी कुणीतरी बाजूला सरकून वाट दिली, कंपनीत टॅग लागलेल्या माणसाला देतात तशी.

मग मी मोटरींना जोडणारे क्लच सैल केले आणि यंत्र बिंत सोडून हातानंच दुर्बीण गुरूकडे फिरवली. लोकांनी रांग लावली. गुरूचे चार चंद्र दिसले तेव्हा सेक्रेटरी डोळा काढेनात. नंतर चंद्राचे खड्डे दाखवले. भेळ संपली, लोक पांगले. साडेआठला गच्चीवर मी एकटी उरले आणि यंत्र बंद करायला कीपॅड हातात घेतला. चुकून माहितीचं पान उघडलं. त्यावर तारीख होती दोन एप्रिल.

मी ती तारीख दोनदा वाचली. हे यंत्र परदेशी पद्धतीचं आहे. त्याला आधी महिना लागतो, मग दिवस. मला ते ठाऊक होतं. डिसेंबरात पंचवीस तारीख आपल्या पद्धतीनं टाकली तेव्हा पंचविसावा महिना नसतो म्हणून त्यानं ती घेतलीच नव्हती. गुरुवारी दोन फेब्रुवारी होती. दोन आणि दोन, कशीही टाका. शनिवारी होती चार. कंपनीत दिवसाला तीस-चाळीस रिपोर्टांवर मी तारीख घालते, आधी दिवस मग महिना, आणि घाईत माझ्या हातानं तेच केलं. यंत्राला वाटलं एप्रिल आहे. एप्रिलात त्या वेळी रोहिणी जिथं असते तिथं ते इमानदारीनं गेलं होतं.

मी तारीख दुरुस्त केली आणि रोहिणी निवडली. दुर्बीण वर गेली आणि तारा बरोबर मधोमध आला. मग मी दिशा उलटवून बघितली, मुद्दाम चार वेळा. घरघर नाही, उडी नाही. तारा लोण्यात सुरी फिरावी तसा सरकला. अण्णांनी फट शून्य केली नव्हती. टेबलावर पट्ट्या पडल्या होत्या त्या पतंगाच्या कागदाइतकी ठेवली होती. जिन्यात मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं आणि मोजून तेवढंच केलं होतं.

आता इथं मला स्वतःचा जो राग येतो तो आधीच्या सगळ्या रागांपेक्षा मोठा आहे. खाली सोसायटीच्या बागेत अजून दहा-पंधरा माणसं गप्पा मारत उभी होती. अध्यक्ष होते. मला पाच मिनिटं लागली असती. मी सामान आवरलं, जिन्यानं थेट अकराव्यावर उतरले आणि अण्णांना म्हणाले, जेवलात का? ते म्हणाले, जेवलो. तारखेचं मी बोलले नाही. उद्या सांगू म्हटलं, आणि मग रोजच उद्या सांगू म्हटलं.

दहा दिवसांनी कमिटीचं पत्र आलं. सेक्रेटरींना गुरूचे चंद्र फारच आवडले होते. किल्ली मंजूर. खाली अटी. लहान मुलांना एकटं सोडू नये. गच्चीवर खाद्यपदार्थ नेऊ नयेत. दहानंतर आवाज करू नये. आणि अट क्रमांक चार, "दिनांक चार फेब्रुवारीचा प्रकार पाहता, सदर सभासदाच्या वडिलांनी गच्चीवर किंवा इतरत्र उपकरणास हात लावू नये." खाली माझ्या सहीसाठी रेघ.

माझेच शब्द लेटरहेडवर टाइप होऊन आले होते. मी तणतणत अध्यक्षांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "तुमीच म्हनला होता ना ताई, त्यांनी बिघडवलं म्हनून? आमी कुठं म्हनलं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि याचाच मला जास्त संताप आला. तेव्हाही मी खरं सांगू शकले असते. माझ्यासमोर टेबलावर किल्ली होती, दोन्ही कुलपांच्या दोन किल्ल्या एका कड्यात. मला वाटलं, हे आत्ता उकरलं तर ते म्हणतील आधी चौकशी करू, मग बघू. मी सही केली.

अण्णांनी ते पत्र वाचलं. ते फ्रिजवर चुंबकाखाली मीच लावलं होतं, का कोण जाणे. वाचून म्हणाले, "किल्ली मिळाली न्हवं? मग झालं." त्यानंतर ते गच्चीवर आले नाहीत. मार्च, एप्रिल, मे, मी आठवड्यातून दोनदा तरी वर जायचे. माउंट असा चालायचा की त्याचा आवाजच येऊ नये. जितका तो नीट चालायचा तितकं माझं डोकं फिरायचं.

पावसाळाभर माउंट कपाटात राहिला. सप्टेंबरात काढला तर ग्रीस घट्ट होऊन चिकटलेलं आणि परत घरघर. मी माझ्या हातानं उघडला. तीन संध्याकाळी घालवल्या. एक स्क्रू आवळला की अडकायचा, सैल केला की खुळखुळायचा. चाकणला मी मायक्रॉन मोजते, पण मोजणं वेगळं आणि बसवणं वेगळं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर कळलं. अण्णा समोर वर्तमानपत्र वाचत होते. तिन्ही संध्याकाळी त्यांनी एकदाही पान उलटलं नाही.

शेवटी मी म्हटलं, अण्णा, बघता का जरा.

त्यांनी फ्रिजकडे बोट केलं. "लिवलंय की तिथं. हात लावू नये."

मग माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. उलटी तारीख, एप्रिल, रोहिणी, साडेआठची गच्ची, कागदाइतकी फट. माझी चूक होती, मला त्याच रात्री कळलं होतं, मला माफ करा, असं सरळ म्हणाले. मला वाटत होतं ते म्हणतील, असू दे पोरी. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांचा आवाज चढला, जो मी आई असतानाही क्वचितच ऐकला होता.

"मला काय सांगतीस? मला ठाऊक न्हवतं व्हय मी काय केलं हुतं ते? टॅग जिथं लावलास तिथं जाऊन काढ."

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा होती. टँकरचं पाणी, पार्किंगचे पट्टे, लिफ्टचा ठेका, यावर दोन तास गेले. मी उठले. अध्यक्ष म्हणाले, ताई, तुमचा विषय अजेंड्यावर न्हाई. मी म्हटलं, नसू दे.

"फेब्रुवारीत गच्चीवर मी तुमच्यासमोर म्हणाले की माझ्या वडिलांनी यंत्र बिघडवलं. ते खोटं होतं. त्यांनी ते दुरुस्त केलं होतं. तारीख मी उलटी टाकली होती. त्याच रात्री मला ते कळलं आणि किल्लीसाठी मी गप्प बसले. अट क्रमांक चार काढून टाका, नाहीतर किल्ली परत घ्या."

कुणीतरी मागून विचारलं की पार्किंगचं नक्की काय ठरलं. दोघं-तिघं हसली. सेक्रेटरी मान खाली घालून लिहीत राहिले. अध्यक्ष म्हणाले, लिहून द्या, कमिटीपुढं ठेवू, किल्ली ऱ्हाऊ द्या. मला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडायचं ते कळेना, म्हणून मी बसले. बसताना दाराकडे लक्ष गेलं. बाहेर चपलांच्या ढिगापाशी अण्णा उभे होते. मी बघतेय हे दिसल्यावर ते वळून लिफ्टकडे गेले.

घरी आले तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. एलन की ओळीनं, मोठीपासून लहानीपर्यंत. पतंगाचा कागद कापून ठेवलेला. अण्णा खुर्चीमागं उभे होते, दोन्ही हात पाठीमागं बांधून. मी म्हटलं, बसा ना, करा.

"तू टॅग काढलास. त्यांनी अटीचा कागद कुठं काढलाय?" ते म्हणाले. "तू कर. मी बगतो."

मी बसले. त्यांनी आधी ग्रीसवरून सुरुवात केली, एवढं कुणी भरतं का, डोक्याला तेल थापायचंय का? मग माझ्या बोटांवरून, मग चाकणच्या अख्ख्या क्वालिटी डिपार्टमेंटवरून, जे नुसतं मोजतं आणि ज्याला काही बसवता येत नाही. सैल. आता घट्ट झालं. परत काढ. कागद ओढून बघ, फाटता कामा नये आणि सुटताही कामा नये. बहिरी हायस का, आवाज ऐक. जेवायची वेळ टळून गेली. त्या दिवशी अण्णांनी मला तीन तास शिव्या घातल्या आणि एकदाही हात लावला नाही.